तोंडाला मीठ नको

वहिनी, आपलं भांडण अर्धवटच राहिलं.

तू गेलीस तेव्हा कारखाना रिकामा होता. गणपती घरोघर बसून, पाहुणचार घेऊन, पाण्यात जाऊनही झाले होते. फळ्या धुऊन भिंतीला टेकवलेल्या, रंगाचे डबे तुझ्या निलेशनं झाकून ठेवलेले. भाद्रपद संपल्याशिवाय पेण-हमरापुरात कुणाला आजारी पडायची सवड नसते, असं तूच म्हणायचीस. शेवटची गाडी भरून गेली आणि तू अंथरूण धरलंस, ते मग सोडलंच नाहीस. डॉक्टर म्हणाले, दुखणं जुनं आहे, अंगावर काढलंय. अंगावर काढण्यात तुझा हात कोण धरणार होतं?

त्या रिकाम्या कारखान्यात एकच मूर्ती उभी होती. सिमेंटची, डोक्यावर मिठाची टोपली घेतलेली बाई. तुझी आई. गणपतीच्या आधी तिच्या तोंडावरून तू आणि मी असे भांडलो की सूनबाईनं आणून ठेवलेला चहा गार झाला, त्यावर साय धरली, आणि तरी आपण बोलतच होतो. "तोंडाला मीठ नको, भावजी," एवढंच तू परत परत म्हणत राहिलीस. मी चिडून म्हणालो, "मग समुद्रात कशाला पाठवतेस? इथंच ठेव आणि हार घाल." तू पाठ फिरवलीस. बाकीचं पुढच्या खेपेला भांडू म्हणून मी रोह्याची गाडी पकडली. पुढच्या खेपेला तू खाटेवर होतीस, आणि आजारी माणसाशी कसलं भांडायचं म्हणून मी गप्प बसलो. तुला ते आवडलं नसणार. तुला गप्प बसणारा भावजी कधीच आवडला नाही.

आज मला सगळं मुळापासून बोलायचंय. तुला माहीत असलं तरी ऐकून घे. एरवी तू मला सलग बोलू कुठे द्यायचीस?

तू आमच्या घरात आलीस ती खारेपाटातून, मिठागरावरच्या माणसांतून. लाडू वळण्यापलीकडे हातानं काही घडवलेलं नव्हतंस. दादानं तुला आधी पाणी मारायला बसवलं, मग कानस दिली, मग पॉलिश पेपर. आणि पेपर हातात आल्यावर तू कुणाला ऐकेनाशी झालीस. साच्यातून निघालेल्या मूर्तीचा सांधा तू असा काही घालवायचीस की साचा होता की नव्हता असं वाटावं. डोळे मिटून मूर्तीच्या पोटावरून तळवा फिरवायचीस. कुठे कणभर खरखर लागली की कारागिराला हाक मारायचीस, "ये रे इकडं, ह्यो गणपती हाय का फणस?" पेणचा माल मुंबईत हातोहात जातो तो त्या तळव्यावर, असं दादा चारचौघांत सांगायचा. तू तेव्हा कामात आहेस असं दाखवायचीस, पण कान इकडेच असायचे.

दादा गेल्यावर डोळ्यांची आखणीही तुझ्याकडे आली. मी डिप्लोमा केलेला, रोह्याच्या शाळेत पोरांना चित्रकला शिकवणारा, तिथंच जवळ वरश्याला घर बांधून राहिलेला. पण गणपतीचे डोळे माझ्याकडे कुणी कधी दिले नाहीत. एकदा मी आपणहून ब्रश उचलला. तू म्हणालीस, "तू पेन्सिलवाला. बाप्पा तुझ्याकडे बघून घाबरंल." सगळा कारखाना हसला आणि मीही हसलो. त्या डोळ्यांत काय होतं ते मला नीट माहीत होतं. वरची पापणी तू किंचित जड ठेवायचीस, नुकतं जेवण झाल्यासारखी. लाखात तुझा गणपती ओळखता यायचा.

आणि तसा तो ओळखता आला, हेच सगळ्याचं मूळ.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी शाळेची पोरं घेऊन मी रेवदंड्याच्या किनाऱ्यावर साफसफाईला निघालो होतो. "चल, तेवढाच हवापालट," म्हणून तुलाही ओढलं. ओहोटी होती. प्लास्टरचे गणपती विरघळत नाहीत हे आपल्याला काय माहीत नव्हतं? पण माहीत असणं वेगळं आणि ते पायात येणं वेगळं. हात एकीकडे, सोंड एकीकडे, रंग मात्र तसाच. पोरं गोळा करून एका जागी ठेवत होती. तू वाळूतलं एक मुखवट्याएवढं तोंड उचललंस, उलटं करून पाहिलंस आणि म्हणालीस, "हे माझे हायत." मला आधी कळलंच नाही. मग ती जड पापणी दिसली. तू खाली बसलीस, पदराचं टोक त्या डोळ्यांवर धरलंस आणि भरती लागेपर्यंत उठली नाहीस. परतताना एसटीत मी शेंगा घेतल्या होत्या, त्या तू न खाता हातात धरून ठेवल्यास.

पुढल्या सालापासून तू निम्मा माल शाडूचा केलास. मी म्हणायचो, सगळाच कर. तू म्हणायचीस, "तुझा पगार महिन्याला येतो, माझ्या माणसांचा गणपतीला येतो. गिऱ्हाइकाला हलका हवा, उंच हवा. उद्या सगळे मागं फिरले तर ह्या बायका कुठं जातील?" मग मी आवाज चढवायचो आणि तू चहा टाकायचीस. हेही भांडण संपलं नाही. आता निलेशशी भांडावं लागणार, पण त्याला तुझ्यासारखं भांडता येत नाही, तो "व्हय काका" म्हणतो आणि मला हवं ते करत नाही.

त्याच सुमाराला मॅडम आल्या. समुद्राचं काम करणाऱ्या एका संस्थेच्या, वयानं निलेशएवढ्या. आमच्या शाळेत पोरांना समुद्रातली चित्रं दाखवायला आल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या की मालवणच्या बाजूला पाण्याखाली पोवळ्याची वस्ती मरत चाललीय, तिथे सिमेंटची शिल्पं सोडून त्यावर नवी वस्ती बसवायचा प्रयत्न आहे, आणि नुसते ठोकळे टाकण्यापेक्षा माणसांना बघावंसं वाटेल असं काही असलं तर लोक समुद्राकडे निदान वळून बघतील. मी त्यांना सरळ गाडीत बसवून हमरापूरला आणलं.

"पोवळं म्हंजे अंगठीतलं?" हा तुझा पहिला प्रश्न. मॅडमनी न हसता सगळं सांगितलं. पोवळं म्हणजे जीव. एवढेएवढे जीव एकमेकांच्या अंगावर घरं बांधत जातात, त्या घरांत मासे राहतात. पाणी तापलं की ते पांढरे पडतात आणि मरतात. मग नवी पिल्लं पाण्यात तरंगत फिरतात, कुठे चिकटायला जागा मिळते का बघत. तू म्हणालीस, "म्हंजे खोली शोधतात. मग आपून चाळ बांधून देऊ." मॅडम हसल्या आणि तिथून पुढे तू त्यांना पोवळेवाली मॅडम म्हणायला लागलीस, तोंडावरसुद्धा.

देव करायला तू साफ नकार दिलास. "जो विरघळत नाय तो देव मी आता जाणूनबुजून पाण्यात टाकायची नाय." माणसं केलीस. जाळं ओढणारा, मासळी निवडणारी, दप्तर घेऊन बसलेली मुलगी. सगळ्यांचे डोळे मिटलेले. मी विचारलं, उघडे का नाहीत? तर म्हणे, "खाली वाळू जाईल डोळ्यांत." मला हसू आलं, पण तू गंभीर होतीस.

आणि मग ती फजिती. आठवली की अजून हसू येतं. पहिल्या मूर्ती पाण्यात जाऊन वर्ष होत आलं तेव्हा मॅडम फोटो घेऊन आल्या. चेहरा पडलेला. फोन तुझ्या हातात दिला. पाण्याखाली तुझी मासळीवाली बसलेली, हिरवट उजेडात, स्वच्छ. जशी पाठवली तशी. तू फोन डोळ्यांपाशी नेलास, बोटांनी मोठा केलास आणि ओरडलीस, "बघ निलेश! समुद्रात राहून पन एक डाग नाय! ह्याला म्हनतात फिनिशिंग!" बायका उठून बघायला आल्या. मॅडम माझ्याकडे बघतायत, मी छताकडे बघतोय. तुला सांगणार कोण? शेवटी त्या बिचारीनंच सांगितलं की काकी, डागच तर हवे होते. दगड खडबडीत असला तर पिल्लाला धरता येतं. तुमच्या मूर्तीवरून ती घसरून जातायत.

तू फोन परत दिलास. बराच वेळ पॉलिश पेपरच्या कपट्याची घडी करत बसलीस. "करायला गेले गणपती नि झाला मारुती," एवढं म्हणालीस आणि आत गेलीस. मी आत आलो तर भांडी घासत होतीस, घासलेलीच. म्हणालीस, "भावजी, जल्मभर एकच गोष्ट शिकले मी." मी म्हणालो, ती गणपतीला बरोबर आहे, पोवळ्याला नाही, एवढंच. हे मी चांगलं बोललो होतो असं मला अजून वाटतं. तू तेच पातेलं पुन्हा घासायला घेतलंस.

खडबडीत करायचं ठरलं, पण तुझा हात ऐकेना. माझ्यासमोर तू सिमेंटवर काथ्या ओढून रेघा पाडायचीस. आठवड्यानं यावं तर रेघा गायब, मूर्ती लोण्यासारखी. "मी नाय केलं, हातानं केलं," म्हणायचीस. निलेशनं पेपरचे गठ्ठे माळ्यावर लपवले तर तू चपलेच्या रबरानं घासलंस. शेवटी मीठ सापडलं. तुझ्या माहेरचं खडे मीठ लोणच्याच्या बरणीसाठी आलेलं, ते तू गंमत म्हणून ओल्या सिमेंटच्या चकतीत दाबलंस. दुसऱ्या दिवशी धुतलं तर खडे विरघळून गेलेले आणि मागे खळगेच खळगे. पहिल्या चकत्या हातात चुरल्या, मीठ फार झालं होतं. मॅडमनी प्रमाण बघून दिलं, मिठानं गंजेल म्हणून आत लोखंड नको म्हणाल्या, आणि जमलं. तुला सुख वाटलं ते यात, की खळगे तू पाडले नव्हतेस, मिठानं पाडले होते. हाताला दोष नाही.

मिठाची पोती तुझा भाऊ आणायचा. हिराजीमामा. टेम्पोतून पोतं उतरवताना मामा म्हणायचे, "आमी समुद्रातून मीठ काढायचं, तुमी परत समुद्रात टाकायचं. बरा धंदा हाय गो सुमे!" मग सगळ्या बायका गोल बसून ओल्या सिमेंटात खडे दाबायच्या. बोटांच्या भेगांना झोंबायचं, आई गं, आई गं चालायचं. तूच सगळ्यांत जोरात ओरडायचीस.

मिठानं खडबडीत झालेली ती दुसऱ्या खेपेची माणसं पाठवायच्या आधी आपण रोह्यात शाळेच्या पटांगणात उभी केली होती, आठवतं? मी पाटी रंगवून आणली होती, 'हात लावू नये'. तू 'लावू नये' वर बोटानं चुना फासलास आणि 'लावा' लिहायला लावलंस. पोरं तुटून पडली. बापांची कंपनीत शिफ्ट, ते ड्यूटी सुटल्यावर डबा घेऊन तसेच आले आणि त्यांनीही हात फिरवून पाहिला. पाचवीतल्या एका मुलीनं विचारलं, "काकी, ही बाई पाण्यात गुदमरणार नाय?" तू खाली बसून तिच्याएवढी झालीस. "हिला काय व्हतंय, ही सिमेंटची. गुदमरतं ते पोवळं. तुझ्या घरचा बाप्पा कशाचा हाय गो?" त्या भाद्रपदात दोन-तीन पालक मला बाजारात अडवून बोलले. मास्तर, काय शिकवलंत, पोरगी म्हणते शाडूचा आणला नाय तर मोदक खाणार नाय. मी तुला फोन करून सांगितलं. तू म्हणालीस, "मोदक नाय खाल्ला? मग खरं लागलंय तिला." तो तुझा आनंदाचा आवाज माझ्याकडे असता तर बरं झालं असतं, पण मी फोनवर बोलतो, साठवून ठेवत नाही.

मग तुझ्या आईची मूर्ती. साचा नाही, नमुना नाही, तू ती थेट हातानं उभी केलीस. पोटात दुखायचं तेव्हा स्टुलावर बसून करायचीस. आम्हाला वाटायचं थकवा असेल. पावलं तू आधी केलीस आणि त्यांत मीठ इतकं दाबलंस की मॅडम म्हणाल्या, काकी, ही तर आत्ताच पोवळ्यासारखी दिसतायत. हात, नऊवारीचा काष्टा, टोपली, सगळीकडे खळगे. फक्त तोंड तू गौरीच्या मुखवट्यासारखं घासलंस. मॅडम म्हणाल्या, तोंडावरही हवं, लोक बघतात ते तोंडच. जो फोटो बघून माणसं थांबतील तो तोंडावर वस्ती आलेला. तू मान हलवलीस. "तोंडाला मीठ नको."

मला वाटलं जुनी खोड. फिनिशिंगवरून नाक वर करायची पेणची सवय. म्हणून मी तसा बोललो, इथंच ठेव, हार घाल. तू कारण सांगितलं नाहीस. एवढं भांडलीस माझ्याशी जन्मभर, चहात साखर किती इथपासून, आणि जिथे सांगायचं तिथेच तोंड शिवलंस. त्याचा मला राग आहे, वहिनी. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावलोय.

ते कारण मला तुझ्या तेराव्याला कळलं. जेवणं झाल्यावर हिराजीमामा हात पुसत कारखान्यात गेले. मी मागोमाग गेलो. मूर्तीपुढे उभे राहिले, खालून वर बघत गेले. पावलांपाशी थांबले, "व्हय, व्हय," म्हणाले. हातांपाशी डोळे पुसले. तोंडापाशी आले आणि मला विचारलं, "ही कोन?"

"तुमची आई ना," मी म्हणालो.

"नाय. आमची आय अशी नव्हती."

मग बसून सांगितलं. मिठागरावर वरून ऊन आणि खालून मिठाची झळ. आईचं तोंड सुकलेल्या चिखलासारखं झालं होतं. ओठ कायम फुटलेले, हसली की रक्त यायचं, म्हणून ती हसताना हाताचा पालथा पंजा ओठांवर धरायची. "ही सुमी लहान व्हती ना, रोज संध्याकाळी आयच्या तोंडाला तेल चोळायची. बोटं दुखंपर्यंत. म्हनायची, आय, मी तुझं तोंड मऊ करनार. लगीन करून निघाली तरी हळदीच्या हातानं तेल लावलान नि मंग गाडीत बसली. आय म्हनली, जा गो बाय, आता काय ते मऊ व्हनार नाय."

मी तिथेच फळीवर बसलो. पॉलिश पेपरनं तू काय करत होतीस ते मला तेव्हा दिसलं. सगळ्या गणपतींवर फिरलेला तो तळवा कुठून आला होता तेही दिसलं. आणि त्या तोंडात खडे मीठ दाब म्हणून मी तुला सांगत होतो, वर शहाणपणा शिकवत होतो. वहिनी, मी रडलो. मामांसमोर, निलेशसमोर, सगळ्यांसमोर रडलो.

मला वाटलं प्रश्न सुटला. तोंड तसंच राहणार, मॅडमना मी समजावीन. तसं मी बोलूनही दाखवलं. पण मामा मान हलवत होते.

"तिनं तेल लावलान, चांगलं केलान. पन मास्तर, ही माझी आय नाय. हिला मी वाटेत बघितली तर वळकनार नाय. ते फुटलेलं तोंड बघून आमी जेवलो. त्याच तोंडानं तिनं आमाला हाका मारल्या. तिचा फोटो नाय कुठं. ह्यो एकच. नि ह्यात पन ती नाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाण्यात जायचीच हाय तर आयला तिचं तोंड घेऊन जाऊ दे."

निलेश म्हणाला, "काका, तुमीच सांगा. तुमच्याशी आई भांडायची, आमाला नुसती वरडायची."

आता तूच सांग मी काय करायला हवं होतं. दसऱ्यानंतर ट्रक येणार होता. एकीकडे तुझा शेवटचा शब्द. दुसरीकडे सत्तरी गाठलेला तुझा भाऊ, ज्याला आई परत हवी होती. आणि खाली ती बिनघराची पिल्लं, ज्यांच्यासाठी हे सगळं तू चालवलं होतंस. मी रोह्याला आलो, वर्गावर गेलो, फळ्यावर माशाचं चित्र काढायला लागलो आणि अर्ध्यात थांबलो. पोरं म्हणाली, सर, शेपूट राहिली. मनात तुझ्याशीच बोलत होतो. वहिनी, तू तिचं तोंड मऊ केलंस ते तुझ्यासाठी. तुला ते बघवत नव्हतं. पण ती काय तुझ्या एकटीची आई होती? हे मी तुला तोंडावर म्हणालो असतो आणि तू माझ्या अंगावर धावून आली असतीस. मग पाणी प्यायली असतीस. मग कदाचित विचार केला असतास. कदाचित. मला तुझ्याकडून तेवढाही आधार नव्हता.

ट्रक यायच्या आदल्या दिवशी सकाळी मी हमरापूरला गेलो आणि मामांना बोलावून घेतलं. सिमेंट कधीच कडक झालेलं, आता मीठ दाबून उपयोग नव्हता. छिन्नी लागणार होती. मी म्हणालो, "मामा, तुम्ही दाखवा, मी करतो."

मामा मूर्तीपुढे उभे राहिले. आधी हात जोडले. मग बोट टेकवलं, डाव्या डोळ्याच्या कडेला. "हितनं. खोल नको. हितनं कानापर्यंत, पन सरळ नाय, मधे वाकडी." मी हातोडी अलगद मारली. सिमेंटचा कण उडाला. तू घासलेल्या गालावर पहिली चीर पडली तेव्हा सूनबाईनं मान वळवली. "आता गालावर. बारीक बारीक, लय. आडव्या नाय, उभ्या." मी ठोकत होतो, मामा सांगत होते. ओठाचा कोपरा, हनुवटीची खळी, नाकाशेजारची ती एक मोठी भेग, जिच्यात म्हणे कायम मिठाचा पांढरा कण अडकलेला असायचा. त्यांना सगळं पाठ होतं. मधे एकदा म्हणाले, "थांब, हितं काय नव्हतं," आणि मी दचकून हात मागे घेतला.

दुपारी कधीतरी मी दोन पावलं मागे सरलो आणि हातोडी खाली घेतली. समोर तू होतीस. खाटेवरची, शेवटच्या दिवसांतली, ओठ सुकलेली. तू आईसारखी दिसतेस हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तू नुकती जेवल्यासारखी टवटवीत असायचीस तोवर ते दिसणारही नव्हतं. मला पुढे होईना. मामांनी माझ्या हातातून छिन्नी घेतली. त्यांनी आयुष्यात कधी छिन्नी धरली नव्हती, ती त्यांनी फावड्यासारखी धरली आणि आपल्या आईचे ओठ स्वतः फोडले. प्रत्येक घावागणिक तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते. नीट ऐकलं तर "सुमे, माफ कर गो," असं होतं.

तोंड झालं. सूनबाईच्या कडेवरच्या पोराखेरीज तिथे आम्ही सगळेच रडत होतो. तुझ्या आईला मी कधी पाहिलं नव्हतं, पण आता वाटलं की ही बाई कुठेही भेटली तर मी ओळखीन. मामा टोपलीच्या खाली, कपाळाकडे वळले. छिन्नी टेकवली.

"कपाळ नको, मामा," मी म्हणालो.

"का? हितं पन रेघा व्हत्या."

"असू दे. तिथं वहिनीचा हात हाय."

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग कपाळाकडे पाहिलं, आणि छिन्नी खाली ठेवली.

ट्रक काल गेला. मूर्ती गोणपाटात गुंडाळून, मधे गवत घालून बसवली. तिकडे मूर्ती उतरवून बघितल्यावर मॅडमचा फोन आला, म्हणाल्या, तोंड फार सुंदर झालंय, यावर नक्की काहीतरी धरेल, फक्त कपाळ तेवढं राहिलंय का? मी म्हणालो, राहिलं नाही, ठेवलंय. पोवळं फार सावकाश वाढतं म्हणतात. आलंच तर आधी भेगांत येईल, ओठांत, गालांवर, मग सगळीकडे. ते बघायला मी असेन असं काही नाही. पण त्या बोटभर कपाळावरून पिल्लं घसरत राहतील, आणि तिथे नुसतं तुझं काम दिसत राहील, बिनडागी.

तुझं सगळं ऐकलं नाही, वहिनी. कपाळाएवढं ऐकलं.